दोन फाळांचा नांगर

शिवदास पाटकरांच्या उजव्या डोळ्याची नजर गणपतीनंतर गेली. डाव्यावरही फार भरवसा ठेवू नका, असं दहिसरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"काका, गाडी चालवता का?"

"ट्रॅक्टर चालवतो."

"आता नको," त्या शांतपणे म्हणाल्या.

मुलगी सई बाबांना रिक्षाने आपल्याकडे घेऊन आली. घरी आल्यावर तिने भात टाकला, कोलंबीचं कालवण गरम केलं, ताट वाढलं. दोन घास खाऊन बाबा म्हणाले, "तो अंधेरीचा कारखानावाला भेटेल ना गं? नांगर बघून येऊ."

सईने मान वर केली. डॉक्टरबाई बोलल्या ते बाबांनी ऐकलंच नाही की काय, असं तिला वाटलं. पण आज काही विचारायचा दिवस नव्हता. ती "बघते" म्हणाली.

गिरणी बंद पडल्यावर बाबा माणगावजवळच्या आपल्या गावी परतले होते. दोघा भावांसोबत त्यांनी एक वापरलेला ट्रॅक्टर घेतला होता, पस्तीस घोड्यांचा. पुढे भाऊ गेले, सईची आईही गेली. ट्रॅक्टर राहिला. भातकापणी उरकली की पौषात त्यांच्या भागात नांगरणीची स्पर्धा भरायची, आणि जुन्या ट्रॅक्टरांचा गट वेगळा असायचा. तिथे वेगाला कुणी विचारत नसे. नांगराने पाडलेलं तास सरळ हवं, खोली सारखी हवी, कापलेल्या भाताची धसकटं मातीखाली पुरती गाडलेली हवीत. बाबा कधी पहिले आले, कधी आले नाहीत, पण उतरले नाहीत असं वर्ष नव्हतं. गेल्या खेपेला जमिनीतल्या दगडाला अडकून नांगराची चौकट मोडली आणि अर्धं शेत तसंच टाकून त्यांना बाहेर यावं लागलं. तेव्हापासून त्यांना ते अर्धं शेत सोडत नव्हतं.

सई मेट्रो चालवायची, दहिसर ते अंधेरी. सुट्टीच्या दिवशी ती बाबांना घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या निलेशच्या कारखान्यात गेली. निलेश तिच्या मैत्रिणीचा भाऊ. शेतीची अवजारं बनवून बोटीने परदेशी पाठवायचा त्याचा धंदा होता. दारातच एक तीन फाळांचा पलटी नांगर उभा होता, नवाकोरा, निळा. बटण दाबलं की अख्खा नांगर हवेत उलटा फिरायचा. निलेशने फिरवून दाखवला.

"झकास आहे हा, बाबा," सई म्हणाली. "हाच घ्या ना."

बाबांनी नांगराला एक फेरी मारली. "हा उचलला तर आपल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतील. मग स्टिअरिंग फिरवून काय उपयोग? आणि तीन फाळ ओढायला दम कुठाय त्याच्यात? धापा टाकायला लागला की तास वाकडं झालंच म्हणून समज."

"मग काका, दोन फाळांचा आहे एक," निलेश म्हणाला. "जुन्या पद्धतीचा. ऑर्डर रद्द झाली, तो पडूनच आहे."

तो मागच्या भिंतीशी, पत्र्यांच्या आडोशाला होता. बाबा त्याच्याजवळ खाली बसले. माती उलटी पाडणारा वळणदार पत्रा असतो, त्याच्यावरून त्यांनी तळवा फिरवला, पुढून मागे, अगदी सावकाश. मग सईचा हात धरून तिथे ठेवला.

"बघ, किती लांब आहे. आखूड असला तर माती फेकतो, ढेकळं फोडतो. रोजच्या शेतीला तेच बरं. हा माती फेकत नाही, कुशीवर वळवून निजवतो. हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरला असाच हवा." मग त्यांनी बाजूचं छोटं चाक फिरवून पाहिलं. "हेही पाहिजेच. नांगर उचलून धरणारी आपली लिफ्ट म्हातारी झालीय, दाब धरत नाही. हे चाक नसेल तर नांगर आपोआप खोल बसत जाईल."

मग ते उठून नांगराच्या मागे गेले, एक डोळा मिटून चौकटीवरून नजर लावायला वाकले. तसेच वाकून राहिले. सईला त्यांची मान हलताना दिसली, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे.

"सई, इकडे ये," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "तू बघून सांग. मला नाही कळत."

आयुष्यात बाबांनी तिला असं काही विचारलं नव्हतं. ती वाकली.

"मागचं टोक डावीकडे गेलंय. थोडंसं."

"शक्यच नाही," निलेश म्हणाला. त्याने दोरी आणून ताणून धरली. दोरी आणि लोखंड यांच्यात टोकाशी करंगळी जाईल एवढी फट होती. तो ओशाळला. "उतरवताना आपटला असणार. प्रेसवर सरळ करून देतो, काका."

"दे," बाबा म्हणाले. "हाच घेऊ." मग सईकडे न बघता म्हणाले, "आणि ट्रॅक्टरची सीट पुढे घ्यायला हवी. तुझे पाय पोचायचे नाहीत."

म्हणजे डॉक्टरबाईंचं त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मला नाही जमणार. कॉलेजात असताना चालवला होता, तोही रिकामा. मी रुळावर गाडी चालवते, तिथे सरळ न्यायचं काम रूळच करतात."

"ठाऊक आहे."

"सगळ्यांसमोर वाट लागेल माझी."

"लागू दे." बाबा म्हणाले. "पण तो ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला ना, तर मला बघवणार नाही गं."

सई निलेशसमोर रडली नाही. कारखान्याबाहेर येऊन, टपरीवर चहा घेताना मात्र तिला रडू आवरेना. बाबा शेजारी उभे राहिले आणि त्यांनी तिचा ग्लास धरून ठेवला.

नांगर टेम्पोने गावी गेला. सई सुट्टी जोडून जात राहिली. बाबा बांधावर बसून आवाजावर सांगायचे, "दमला तो, नांगर खोल गेलाय, बाजूचं चाक अर्धा वेढा खाली घे." त्यांना ते कसं कळायचं, हे त्यांनाच माहीत.

स्पर्धेच्या दिवशी पलीकडच्या बांधावर तिच्यासाठी पांढरी काठी रोवली होती. त्या काठीवर नजर ठेवून तिने पहिलं तास धरलं. मध्यावर आल्यावर तिला राहवलं नाही, नांगर नीट चाललाय का म्हणून तिने मागे वळून पाहिलं, आणि ट्रॅक्टर हातभर सरकला. ती चूक पुढच्या प्रत्येक तासात उमटत गेली. माती मात्र सुरेख पडली, पट्ट्याला पट्टा लागून, आणि धसकट कुठे वर दिसत नव्हतं. शेत पुरं झालं. निकालात तिचं नाव खाली होतं.

माणसं पांगल्यावर बाबांनी चपला काढल्या आणि ते पहिल्या तासातून चालत निघाले. सई मागून गेली. वाकड्या जागी त्यांचे पाय थांबले. त्यांनी पायाने ते वळण चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं.

"मागे बघितलंस."

"हो."

बाबा तास संपेपर्यंत चालले, बांधावर चढायला त्यांनी हात पुढे केला, आणि सईने तो धरला. दव पडायच्या आत दोघांनी मिळून नांगराच्या पत्र्यांवरची माती खरवडली आणि गंज धरू नये म्हणून त्यांना ग्रीस चोपडलं.