सेलवरची चांदी

भागवतला करंटमधलं सगळं कळतं, असं आष्टीत एकच माणूस म्हणायचा, आणि तो म्हणजे भागवत. वरातीत त्याचा डीजे वाजायचा. फ्यूज उडाला की हा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायचा आणि पुन्हा दणका सुरू. फ्यूज मुळात उडाला कशानं, हे बघण्याची फुरसत या शहाण्याला कधीच नव्हती. त्याच्या बायकोला, मोहिनीला, या चांदीचा मनापासून तिटकारा होता.

त्यात आता वेप, म्हणजे सेलवर चालणारी सिगारेट, आली. बंदी असलेली वस्तू, कुणीतरी पुण्याहून चोरून आणून दिलेली. पितळेची जाड नळी, आत एक सेल, खाली बटण. दाबून ओढलं की आंब्याच्या वासाचा धूर. तो सोडताना भागवत असा ऐटीत बघायचा, जणू माजलगावच्या कारखान्याचं धुराडं याच्याच मालकीचं. बालवाडीतली वैष्णवी खिदळत त्याच्या मांडीवर चढायची आणि नळी तिच्या गालाला टेकायची. मोहिनी ती नळी लगेच बाजूला सारायची.

त्याला कारण होतं. मोबाईल दुरुस्तीवाल्या इरशादनं तिच्यासमोरच भागवतला झापलं होतं. "ह्यात सर्किट न्हाई, फ्यूज न्हाई, काईच न्हाई. बटण दाबलं की सेल सरळ कॉइलला भिडतो. जास्ती करंट ओढला तर थांबवणारं कोण हाय बे? अन् सेलचं कव्हर फाटलंय. वरचं टोक तेवढं प्लस, बाकी सगळं अंग मायनस. मधी हे प्लास्टिकच हाय. दोन्ही भिडले की भडका. ठेवून जा, नवं कव्हर घालून देतो."

"आमी सेलावर रेडिओ ऐकत वाढलो, आमाला नको शिकवू," म्हणत भागवत निघून आला.

पुढं नळीतला सेल ढिला झाला, धूर येईना. मग काय! ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन भागवतनं चांदीची घडी केली आणि सेलच्या डोक्यावर बसवली. घडी झाली मोठी. तिची कड खाली फाटक्या कव्हरावर आली.

"आदी पोरीला खाली ठेवा," मोहिनी म्हणाली.

"कावून? वाघ हाय का ह्यात?"

ती वाद घालत बसली नाही. दंडाला धरून तिनं पोरीला ओढून घेतलं. वैष्णवीनं भोकाड पसरलं. भागवतनं हसत झाकण आवळलं. बटणाला बोटही लागलं नव्हतं, तरी नळी तापली. अक्कल असलेल्या माणसानं ती अंगणात भिरकावली असती. हा झाकण उघडत बसला. आधी फुसफुस झाली, मग बार उडाला.

तळहात आणि हनुवटी भाजली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय फुटलं?"

"मोबाईल," भागवत म्हणाला.

"मोबाईल खिशात हाय त्यांच्या," मोहिनी म्हणाली. "वेपचा सेल फुटला."

मलमपट्टी झाली. खाटेवर पडलेल्या नवऱ्याला तिनं सहज विचारलं, "असला आणखी सेल न्हाई ना घरात?"

"हाय की. चांदी लावून वैष्णवीच्या बॅटरीत घातलाय. लाईट गेली की भेती ना पोरगी."

ती बॅटरी पोरगी उशाशी घेऊन झोपायची. मोहिनीनं लगेच सासूला, ताराबाईला, फोन लावला. "आत्या, वैष्णवीची बॅटरी कुठं हाय?"

"तिच्याच हातात. कावून?"

"काढून घ्या अन् लांब अंगणात टाका. आदी टाका, मग बोला."

फोनवर पोरीचा रडका आवाज आला. मग ताराबाई म्हणाली, "टाकली बाई." मोहिनीला रडूच कोसळलं.

"टाकली कावून?" खाटेवरून भागवत कुरकुरला. "लई उजेड पडतो तिचा!"

मोहिनीनं डोळे पुसले. त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत ती म्हणाली, "पाडला तेवढा उजेड बास झाला. आता पोरगी तुमच्या मांडीवर बसणार न्हाई."