पट्टा न बांधता घेतलेलं रक्त

माझ्याकडे पाहून सायकलच्या ट्यूबचा तुकडा वाटला ना, मित्रांनो? रक्त काढताना दंडावर आवळतात, तो रबरी पट्टा आहे मी. आता अंगाला चिरा पडल्यात. पण यरुशलेमच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या बेर्शेबाच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं राबलो. मी आवळलो की शीर फुगायची, सुई नेमकी लागायची. "हा पट्टा गुणाचा आहे हं," असं बत्या सिस्टर म्हणायच्या, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

१९७६च्या उन्हाळ्यात येहुदितबाई आल्या, कोकणातून इथं येऊन वसलेल्या मराठी ज्यू, सोबत बारा वर्षांची लेक झिवा. बाईंची हाडं ठणकत, तहान भागत नसे, दोनदा मूतखडा झालेला. शेजारणी म्हणत, वाळवंटाची हवा. घरचे म्हणत, कोकणाची आठवण काढून काढून झुरतेय.

सिस्टरांनी मला आवळलं आणि कागदावरचं आडनाव वाचलं.

"आवासकर? म्हणजे आवास गावच्या? माझी मावशी तिथंच दिलेली!"

"कुणाकडे गो?"

झालं! दोघींनी बोलता बोलता कोकणातला अर्धा कुलाबा जिल्हा पालथा घातला. मी तसाच दंडात रुतलेला.

आईला इमा म्हणणारी झिवा हिब्रूत ओरडली, "इमाचा हात निळा पडला!"

तपासणीत रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. डॉक्टर योराम म्हणाले, "पट्टा फार वेळ राहिला की आकडा वाढून दिसतो. सोडून द्या." मी शरमेनं आक्रसलो. बाई जायला उठल्या.

झिवा मात्र जागची हलली नाही. "डॉक्टर, आमची इमा आता दोन पायऱ्या चढली की बसते."

बत्या सिस्टर पुढे आल्या. "चूक माझी, बोलत बसले. म्हणूनच पुन्हा घेऊ या. पट्टाच नको."

"शीर सापडेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला गप्प बसवलंत तर सापडेल!"

मी ताटलीत पडून पाहत होतो. आकडा उतरला नाही. आठवड्यानं पुन्हा घेतलं, तरी तोच. मग रक्त यरुशलेमच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं आणि उलगडा झाला. गळ्यात, थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती हवं, ते त्या ठरवतात. बाईंच्या एका ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती. शस्त्रक्रियेत वालाच्या दाण्याएवढी गाठ निघाली. कर्करोग नव्हता.

दोन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या, तेव्हा आकडा उतरून जागेवर आला होता.

"मग, आता आवास आठवत नाही ना?" सिस्टरांनी चिडवलं.

"आठवतो तर! पण आता सांगायला अंगात दम आहे."

मित्रांनो, माझं सगळ्यात मोठं काम मला बाजूला ठेवल्यामुळे झालं, आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्यासारख्याला उन्हात टाकू नका, आवळलंत तर वेळेवर सोडा. आणि घरातलं कुणी "मला बरं वाटत नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणालं, तर कारण तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका. त्याला तपासायला घेऊन जा.