पहिला वाटा

माझ्या अंगात पुरुषपण जागं ठेवणारा जो रस होता, तो आता इंजेक्शनने बंद केलाय. प्रोस्टेटची गाठ त्याच रसावर पोसते, म्हणून तिला उपाशी मारायचं. एनुगू शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे नीट समजावलं.

"बाबा, इंजेक्शनने पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, दंडातलं बळ जातं. म्हणून रोज चालायचं, वजन उचलायचं. लाल मांस कमी, कडधान्य आणि भाजी जास्त."

"मग गाठ जाईल?"

"चालण्याने गाठ जात नाही. तुम्ही टिकता."

मी जन्मभर लॉऱ्या दुरुस्त केल्या. नट एक तर घट्ट असतो, नाहीतर सैल. 'कमी' मला कळत नाही. मी मांस सोडूनच दिलं.

चालणं त्याहून अवघड. आमच्या गावात माझ्या वयाचा माणूस कामाशिवाय रस्त्याने जात नाही. दारादारातून विचारणा: "कुणी वारलं का?"

"नाही हो, पाय मोकळे करतोय."

"कुणी बांधले होते?"

घरी यावं तर घर रिकामं. मुलं लागोसहून फोन करतात, "जेवलात का?" विचारतात आणि ठेवतात. बसल्या बसल्या छातीतून एकदम वाफ उठते, तोंड तापतं, सदरा भिजतो. बायकांचं वय सरताना होतं, तसं. माझी बायको ओबियागेली असती तर हे कसं सोसायचं ते तिला विचारलं असतं. ती गेली त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

उरली फक्त बरोबरीच्या पुरुषांची बैठक. आम्ही सगळे दोन-तीन वर्षांच्या आगेमागे जन्मलेले, पोरपणापासून एकमेकांची टर उडवत आलेलो. ज्याची पाळी त्याने बोकड कापायचा. सगळ्यांत मोठ्याने पहिला वाटा उचलून घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी हात घालायचा. सगळ्यांत मोठा मी. माझ्या पाठोपाठच्या ओनुओरापेक्षा थोड्याच दिवसांनी मोठा, पण मोठा तो मोठा! बाकी सगळं गेलं तरी एवढा मान माझ्याकडे होता, आणि ही माणसंही.

मांसाच्या भीतीने मी बैठकी चुकवू लागलो होतो. शेवटी घर खायला उठलं तेव्हा गेलो. बोकड ओनुओराचा होता. ताट माझ्यासमोर आलं.

"मला नको. तुम्ही घ्या."

सगळे हात जागच्या जागी थांबले. पहिला वाटा नाकारण्याचा आमच्यात एकच अर्थ होतो.

"माझ्या बोकडात विष आहे?" ओनुओरा उठूनच उभा राहिला. "एका ताटात जेवून वाढलो रे आपण!"

"आधी तोंड लपवत होता, आता हे," दुसरा म्हणाला. "बोल की! मूग गिळून काय बसलास?"

एक घास घेतला असता तरी भागलं असतं. डॉक्टरीणबाईंनी 'कमी'च म्हटलं होतं. पण नेमकी तेव्हाच छातीतून वाफ उठली आणि मी घामाने निथळलो. चोराला फुटावा तसा घाम. मग मी सगळं सांगून टाकलं. इंजेक्शन, गाठ, दुखरी छाती, अंथरुणातलं थंडपण, सगळं.

कुणीतरी हसावं असं मला फार वाटत होतं. कुणी हसलं नाही. ओनुओराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आधी सांगायचंस ना, वेड्या."

पुढच्या बैठकीला मी ठरवूनच गेलो: एक घास घ्यायचा, आपला मान राखायचा. यजमानाच्या बायकोने माझ्यासाठी केळीच्या पानात उकडलेला, कडधान्याच्या पिठाचा ओक्पा आणि पालेभाजी आणून ठेवली. "हे तब्येतीला चांगलं," ती हळूच म्हणाली. सगळेच माझ्याशी हळू बोलत होते.

ताट आलं. मी हात पुढे केला. ताट माझ्यासमोरून सरकलं आणि ओनुओरापुढे थांबलं.

"तुला त्रास नको म्हणून आम्हीच ठरवलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया होती की भांडायला जागाच नव्हती.

त्याने घास घेतला. मग सगळ्यांचे हात ताटात गेले. मी "बरं केलंत," म्हणालो आणि माझा पुढे केलेला हात ओक्प्याकडे वळवला.