दाराच्या वरचा खिळा

‘गॅस भरून टाका’ असं कोणी फोनवर म्हटलं की माझं डोकं फिरतं. गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, गाडी चालवली आणि संपलं? बर्फाच्या कारखान्यातलं मशीन असो, कंपनीतल्या कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणारा ड्रायर असो नाहीतर घरातला फ्रीज, आतला गॅस बंद नळीतून गोल गोल फिरत राहतो. वर्षानुवर्षं फिरेल. तो कमी झाला याचा अर्थ कुठंतरी भोक पडलंय. ते न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

माझं नाव उमेश. घर उधव्याला, दुकान तलासरीत आणि कामं थेट डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत. बायको म्हणते, तुम्ही मेकॅनिक कमी आणि हेडमास्तर जास्त. आता मी गिऱ्हाइकाला भोक दाखवल्याशिवाय बुजवत नाही, हे खरं आहे. दाखवताना चार शब्द सुनावतो, हेही खरं आहे. तरी लोक बोलावतात, कारण मी बुजवलेल्या जागेतून पुन्हा गॅस जात नाही.

मार्गशीर्षात डहाणूजवळच्या आगरहून स्वप्नाचा फोन आला. “उमेशभाई, ड्रायरमध्ये गॅस भरायचाय. जरा अर्जंट आहे.”

“याआधी कधी भरला होता?”

“दिवाळीनंतर. आणि त्याच्या आधी एकदा. डहाणूतल्या माणसाने भरला.”

“आणि भोक?”

“ते नाही सापडलं,” ती म्हणाली. तिचा आवाज मला थोडा पडलेला वाटला, पण मी तेव्हा रागात होतो. सिलिंडर, नळ्या, झाळकामाचा टॉर्च गाडीत टाकून मी निघालो.

स्वप्नाचं सासर म्हणजे आगरची जुनी बागायतदार माणसं. चिकूची वाडी, थोडी भाताची जमीन, मागे भाजीचे वाफे. नवरा अनिकेत रेल्वेत, ड्युटी वलसाडकडे, त्यामुळे घरी कधी असतो कधी नसतो. घरात सासरे, दशरथकाका, आणि ही. दोन वर्षांपूर्वी तिने घरामागच्या अंगणात चिकू सुकवायची खोली बांधून घेतली. आत ट्रेवर चिकूच्या चकत्या लावायच्या, दार बंद करायचं, मशीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते मागच्या नळीतून बादलीत थेंब थेंब पडत राहतं. पावसाळा असो की दव, चकत्या कुरकुरीत निघतात. मुंबईचं एक दुकान तिचा सगळा माल घेत होतं. तेच दुकान आता कुरकुर करायला लागलं होतं, कारण ड्रायर ढेपाळला होता. मागचा माल मऊ निघाला म्हणून परत आला होता, आणि पुढचाही तसाच निघाला तर ते दुसऱ्या कोणाकडून घेणार होते.

मी पोचलो तर अंगणात चटया पसरलेल्या आणि त्यांच्यावर उन्हात चकत्या वाळत घातलेल्या. दशरथकाका उकिडवे बसून एकेक चकती उलटत होते. मला हसूच आलं. एवढ्या मशीनच्या शेजारी चटई, म्हणजे गाडी असून बैल जुंपल्यासारखं. काकांनी मान वर करून “ये” म्हटलं आणि पुन्हा चकत्यांकडे वळले.

“सकाळी आतून ओल्या निघतात त्या बाबा उन्हात घालतात,” स्वप्ना हळूच म्हणाली. “त्यांच्यामुळेच थोडाफार माल तरी जातोय.”

मी कामाला लागलो. उरलासुरला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब भरला आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेतली. भांडी घासायचा साबण असतो ना, तोच. जिथं भोक असेल तिथं फेस फुगतो. यापेक्षा मोठी विद्या त्यात नाही. बाहेरच्या युनिटचे सगळे जॉइंट बघितले. आतल्या जाळीवर फवारलं. कुठं काही नाही. मग उरली ती दाराच्या वरून आत जाणारी नळी. ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकलेली होती, आणि पट्टीवर झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण लटकत होतं. दसऱ्याचं असणार. पानांचा पार चुरा व्हायला आला होता.

मी तोरणाला हात घातला तशी स्वप्ना पुढे आली. “ते राहू दे ना, भाई. तिथं जॉइंट नाहीये.”

आता मात्र मी तिच्याकडे नीट बघितलं. गिऱ्हाईक मला सांगतं की गॅस संपला, व्होल्टेज कमी आहे, कंपनीच चोर आहे. नळीला कुठं जॉइंट नाही, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी मान तिरकी करून तोरणाच्या खाली बघितलं. पट्टीवर तेलकट डाग होता, त्यावर धूळ बसलेली.

“हे काय?”

“दसऱ्याच्या दिव्याचं तेल असेल.”

“दिवा काय दाराच्या डोक्यावर लावला होता?”

गॅस जिथून निसटतो तिथून मशीनचं तेलही थोडं थोडं घेऊन जातो, एवढं आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मी तोरण काढून तिच्या हातात दिलं. मागे चांगला जाडजूड खिळा होता, पट्टीतून थेट आत गेलेला. साबणाचं पाणी मारलं आणि खिळ्याभोवती फेस फुगला. खिळ्यानेच भोक बऱ्यापैकी दाबून धरलं होतं, म्हणून गॅस एकदम न जाता दोन महिने हळूहळू जात होता.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणालो. चिडलो की मी गिऱ्हाइकालाही अगंतुगं करतो. “डॉक्टरला बोलावायचं आणि दुखतंय कुठं ते लपवायचं, हा कुठला शहाणपणा?”

“भाई, हळू बोला.” तिने अंगणाकडे बघितलं. काका चटईवर होते, पाठमोरे. मग ती दाराच्या आत सरकली आणि तिने मला सगळं सांगितलं.

ही खोली जिथं उभी आहे तिथं पूर्वी तिच्या सासूबाई चिकू सुकवायच्या. प्रभाताई. त्यांच्या चटया, त्यांची जागा. त्या गेल्या आणि वर्षभराने स्वप्नाने तिथं खोली बांधली. वाडीत दुसरी सपाट जागा नव्हती, अनिकेतही हो म्हणाला होता. पण काका काही बोलले नाहीत, आणि न बोलणं तेव्हापासून जे सुरू झालं ते दोन वर्षं टिकलं. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. खोलीत मात्र त्यांनी पाऊल ठेवलं नाही. आणि मग या दसऱ्याला सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, स्वतः ओवलेलं तोरण, खिळा आणि हातोडी घेऊन ते आले. घरातल्या कोयत्याची, पंपाची पूजा झाली होती. ते म्हणाले, “याचीही करायला पाहिजे. हेही कामाचंच आहे.” मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

“मी रडले हो तेव्हा,” स्वप्ना म्हणाली. “खिळा मारताना फुस्स झालं ते मी ऐकलं. मला वाटलं, मशीनचा आवाज असेल. पण त्यानंतर ते रोज आत यायला लागले, माझ्याबरोबर ट्रे लावायला लागले. आठवड्याने ड्रायर मंदावला तेव्हा मला समजलं. काय सांगणार? तुमच्या पूजेने मशीन बिघडलं? मशीन मंदावल्यापासून ते पुन्हा उंबऱ्याच्या बाहेरच थांबतात. बाहेरूनच ट्रे घेतात. आपला हात अपशकुनी ठरला, असं त्यांच्या मनात आलंय. हे कळलं तर ते उंबऱ्यापर्यंतही येणार नाहीत. माल गेला तर दुसरं गिऱ्हाईक शोधीन मी. त्यांना नका सांगू.”

सवयीने मी पुटपुटलो की मी भोक दाखवल्याशिवाय बुजवत नाही. मग म्हणालो, “बरं. जॉइंट कच्चा होता म्हणून सांगतो.”

खिळा काढला, खराब झालेला तुकडा कापला, मध्ये नवा तुकडा घालून टॉर्चच्या ज्योतीने झाळून घेतलं. पुन्हा नायट्रोजन भरला. आता मीटरचा काटा बघत बसायचं. तो खाली आला नाही तर काम पक्कं, मगच गॅस. घाई करणाऱ्याने या धंद्यात येऊ नये. स्वप्ना स्वयंपाकघरात चिकू सोलायला गेली आणि मी खोलीच्या सावलीत टेकलो.

थोड्या वेळाने काका गवती चहा घेऊन आले. खोलीपासून चार हात लांब, चटईच्या कडेला बसले. मी चहा घेतला. मग ते खोलीच्या दाराकडे बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझंच झालं; विचारलं नसताना मी म्हणालो, “जॉइंट कच्चा होता, काका. कंपनीकडूनच.”

“दाराच्या वर?”

“हो.”

“तिथं कुठला जॉइंट? नळी टाकली तेव्हा मी त्या ओट्यावर बसून बघत होतो. सबंध एकच नळी होती.”

मी चहाचा घोट घेतला, नको तेवढा मोठा. जीभ भाजली.

“खिळ्याचंच ना?” काका म्हणाले. “त्या दिवशी डोक्यात नव्हतं माझ्या. हातात फुलं होती, सूनबाय शेजारी उभी होती. मागे नळी आहे ते विसरूनच गेलो. मग तो डहाणूचा माणूस गॅस भरायला आला तेव्हा मला आठवलं. त्याच्यासमोर बोलणार होतो. पण बाय त्याला म्हणाली, तोरणाला हात लावायचा नाही, माझ्या बाबांनी बांधलंय. असं म्हणाली ती. त्याच्यावर मी काय बोलू? तेव्हापासून रोज सकाळी ओल्या चकत्या उन्हात घालतो. तेवढंच हातून होतं. तू तिला बोलू नको, मला माहीत आहे म्हणून. तिला वाईट वाटेल.”

आता सांगा, मी करायचं तरी काय? एक आत चिकू सोलत बसलीय, दुसरा बाहेर चकत्या उलटत बसलाय, दोघं एकमेकांच्या मायेपायी धंदा बुडवायला निघालेत, आणि दोघांचं गुपित खिशात घालून मी गाडीत बसून तलासरीला जायचं. मला माझ्या बायकोच्या वाढदिवसाची साडी दोन दिवस लपवता येत नाही. माझं डोकं फिरलं. मी जोरात हाक मारली, “स्वप्ना, बाहेर ये जरा.”

ती चिकाने चिकट झालेले हात घेऊन धावत आली. मी खिशातून खिळा काढून कापलेल्या नळीच्या तुकड्यासकट चटईवर ठेवला, दोघांच्या मध्ये. “हे भोक. मी गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय जात नाही. गिऱ्हाईक तुम्ही दोघं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला क्षणभर वाटलं, मोठी चूक केली आपण.

काका खिळ्याकडे बघत म्हणाले, “मी मारला तो, बाय.”

“मला माहीत आहे, बाबा.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही परत लांब बसला असता.”

काकांनी हाताने चटईवरच्या चकत्या उगाच सारख्या केल्या. मी मागे सरकून खोलीच्या दारात उभा राहिलो, ना आत ना बाहेर.

“मी रागावलो नव्हतो तुझ्यावर,” शेवटी ते म्हणाले. “पहिला महिना असेन. मग राग गेला. पण रोज बघायचो, तू एकटी ते ट्रे उचलतेस, पाठीला हात लावतेस, पुन्हा उचलतेस. वाटायचं जावं. पण एवढे दिवस गेलो नव्हतो, तर आता काय सांगून जायचं? दसरा आला म्हणून निमित्त मिळालं. आणि निमित्ताला जाऊन हे करून ठेवलं.” त्यांनी वर बघितलं. “आता मी आत येऊ का नको, ते तू सांग.”

स्वप्नाचा चेहरा बघवेना. तिने हात धुतले, खोलीच्या दाराशी टांगलेल्या पाकिटातून कागदी टोपी काढली, खायचा माल हाताळताना केसांवर घालतात ती, आणि काकांच्या समोर येऊन उभी राहिली. “चपला काढा, बाबा,” ती म्हणाली. “आणि मान खाली करा जरा.”

काका चपला काढून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली केली. तिने टोपी घातली, मग दोन्ही कानांमागून बाहेर राहिलेले पांढरे केस बोटाने एकेक करून आत सारले. त्याला लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागला. काका शाळेत पहिल्यांदा निघालेल्या मुलासारखे डोळे मिटून उभे होते, आणि टोपी नीट बसली तरी त्यांनी मान वर केली नाही.

मी दारातून बाजूला झालो.