माठाखालचा कीबोर्ड

त्या दुष्काळात शहराला आठव्या दिवशी पाणी मिळायचं आणि नळापुढं कावळेसुद्धा नंबर लावून बसायचे. अशा दिवशी टाकी भरत आली आणि व्हॉल्व्ह बंद करणारं कॉम्प्युटरमधलं कार्ड मुकं झालं. टाकी सांडली तर आठवड्याचं पाणी नाल्यात जाणार. कॉम्प्युटर बंद करून सुरू करावा, तर सगळेच व्हॉल्व्ह उघडणार. म्हणून इंजिनिअर नीरजानं चालत्या कर्नलमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातच, त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, सोडवून परत जोडायचं ठरवलं. ड्रायव्हरांच्या यादीतला एक आकडा टाइप करताना चुकला आणि सुटला तो यूएसबीचा ड्रायव्हर. कीबोर्ड त्याच्यावरच चालायचा. आता जोडायचा हुकूम टाइप करायचा कशानं?

तिनं कीबोर्डची वायर एकेका भोकात लावून पाहिली. "काकासाहेब, यूएसबीची सगळी भोकं मेली."

म्हाताऱ्या पंपचालकानं माठाखालून गोल पिनेचा, शेवाळलेला कीबोर्ड ओढला. "ह्यो यूएसबीच्या आधीचा हाय, मॅडम. लावून तर बघा."

पाणी काठापासून वीतभर खाली होतं. खोटं वाटेल, पण कीबोर्ड चालला. या खेपेला ती एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेली आणि काकासाहेब पडद्यावर बोट ठेवून 'व्हय' म्हणत गेले. कार्ड सुटलं, पुन्हा जोडलं गेलं, व्हॉल्व्ह बंद झाला.

"आता माठ कशावर ठिवू?" काकासाहेबांनी विचारलं.

नीरजानं कीबोर्ड छातीशी धरला होता. बोटं तो सोडायला तयार नव्हती.