शिवलेली पानं

नजीर मास्तरांनी दोन्ही पुस्तकं शेवटच्या पानाकडून उघडली.

"गुरुजी, ते उलटं शे," रूपचंद हसला.

"मला शिकवतोस? गप बस."

शहाद्यात मास्तरांच्या ओट्यावर दोघे बसले होते. रूपचंद त्यांचा जुना विद्यार्थी, आता मुंबईला एका विमा कचेरीत कारकून. कचेरीत हिशेबाचं एक भलंमोठं यंत्र आलं होतं. त्याला काम सांगायचं तर त्याच्याच भाषेत, एकेक पायरी लिहून द्यावी लागे. पावसाळ्यानंतर परीक्षा होती. पास होतील ते यंत्रावर, बाकीच्यांची लांब कुठेतरी बदली. यंत्रावर जागा मिळाली की आईला, तापीबाईला, मुंबईला न्यायचं रूपचंदने ठरवलं होतं. ओळखीच्या दुकानदाराने ती भाषा शिकायची दोन पुस्तकं बघायला दिली होती. एक ठेवायचं, एक परत करायचं.

"तुम्हीच निवडा. माले दोन्ही सारखाच दिखतस."

एका पुस्तकात प्रत्येक उदाहरणाखालीच उत्तर होतं. मास्तरांनी ते बाजूला सारलं. "हे पोरांना आळशी करतं." दुसऱ्यात सगळी उत्तरं शेवटी होती. मास्तर खुलले. त्यांनी आतून गोधडीची सुई आणि दोरा आणला.

शाळेत त्यांची ही रीतच होती. जूनमध्ये वर्गातल्या प्रत्येकाच्या अंकगणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं ते कडेने शिवून टाकत. वर्षअखेर टाके उसवायचे, तेही त्यांनीच.

"कुर्ते का बटन नहीं टाँकते, किताबाँ सीते बैठे!" आतून शहाबानो म्हणाली.

"बटण तुटलं तर पोरगा नापास होत नाही," मास्तर बायकोला म्हणाले आणि दोऱ्याला गाठ मारली.

दिवाळी सरली आणि रूपचंद आला. ओट्याच्या पायरीवरच बसला.

"नही जमनं, गुरुजी. आसामला बदली झाली."

मास्तरांनी पुस्तक मागितलं. पानं हाताळून मऊ पडली होती. शेवटच्या पानांचे टाके मात्र जसेच्या तसे होते.

"अरे, एकदाही उघडून पाहिलं नाहीस?"

"तुम्ही शिवेल व्हतं ना. मी कसा उसवू?"

मास्तरांनी टाके कापले. रूपचंदने सोडवलेली उदाहरणं घेऊन ते उत्तरांशी ताडून पाहू लागले. पहिल्याच उदाहरणात यंत्राने मोजत जायचं होतं; कुठे थांबायचं ते सांगायचं रूपचंदकडून राहिलं होतं. दुसऱ्यात तीच चूक. पुढेही तीच. पोरगा इमानाने शेवटपर्यंत तेच चुकत गेला होता.

"यंत्रावर करून बघायचं होतंस."

"आम्हाले कोन हात लावू देतं?"

शाळेत उत्तरं शिवलेली असत, पण रोज संध्याकाळी याच ओट्यावर ते स्वतः बसलेले असत. पोरगं चुकलं की त्यांची पेन्सिल तिथेच अडे. मुंबईच्या खोलीत रूपचंदजवळ कोण बसणार होतं? उत्तरं शिवताना हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"रूपचंद, चूक माझी आहे."

"काहीबी काय बोलतस गुरुजी!" तो घाईने उठला. त्याला ते ऐकून घ्यायचंच नव्हतं.

निघायच्या दिवशी मास्तर एस. टी. स्टँडवर गेले. गाडी लागली, रूपचंद टपावर ट्रंक चढवू लागला. बाकावर तापीबाई बसल्या होत्या.

"तुम्ही व्हतात म्हनीसन मन्हा पोऱ्या इतला शिकना, मास्तर."

"मी त्याचं नुकसान केलं, तापीबाई. त्याला बघायला हवं होतं ते मीच झाकून ठेवलं."

तापीबाईंना त्यातलं काही उमगलं नाही. त्या मुलाकडे पाहत होत्या. "कितलं दूर शे ते गाव? होळीले येवाई का त्याले?"

"फार लांब आहे," मास्तर म्हणाले. "होळीला नाही जमायचं."

तापीबाईंनी मान हलवली. मग गाठोडं मांडीवर घेतलं आणि मास्तरांसाठी बाकावर जागा केली.

गाडी सुटेपर्यंत मास्तर उभेच राहिले.