वासाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना आड आहे. आड म्हणजे घरच्या वापराची लहान, गोल विहीर. पारनेर तालुक्यातल्या एका गावात, रंगनाथ आणि चांगुणा यांच्या परसात मी आहे. रंगनाथच्या वडिलांनी मला खणले. आधी मुरूम लागला, मग काळा खडक, आणि त्या खडकाच्या फटीतून माझा झरा फुटला. ओंजळभर पाणी पिऊन म्हातारबाबा म्हणाले होते, "साखर हाय, साखर!" मला फार बरे वाटले होते.

पुढे कितीतरी वर्षे मी या घराला पाणी दिले. माझ्या पाण्यात डाळ लवकर शिजते, असे चांगुणा सगळ्यांना सांगायची. शेजारच्या बनुबाईकडे विहीर नव्हती. तीही रोज सकाळी घागर घेऊन यायची. पाणी भरून झाले तरी दोघी माझ्या कठड्याला टेकून बोलत उभ्या राहायच्या. लेकरांची दुखणी, शेळी व्यायली, मूग करपला, माहेरची आठवण. माणसे कशी असतात हे मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळले.

मग घर सुधारले. मुलगा सुप्याच्या कंपनीत लागला. परसात नवे संडास-बाथरूम झाले. त्याचा मैला-सांडपाणी मुरवायचा शोषखड्डा खणताना रंगनाथने डाळिंबाची झाडे वाचवली आणि माझ्या अगदी जवळची जागा दाखवली. कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. मला बोलता येत नाही, मित्रांनो. नाहीतर त्याच दिवशी ओरडलो असतो.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या पाण्याला वास येऊ लागला. आधी कुबट, मग थेट गटारासारखा. चांगुणाने तुरटी फिरवली, पाणी उकळले, हंड्यात वाळ्याची जुडी टाकली. रंगनाथने ग्रामपंचायतीतून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणून माझ्यात ओतली. काही दिवस औषधाचा उग्र दर्प राहायचा. तो ओसरला की जुना वास पुन्हा वर यायचा.

एकदा घरी सोयरे आले. त्यांतल्या एकाने पेला तोंडाजवळ नेला आणि न पिताच खाली ठेवला. रंगनाथला ते फार लागले. सोयरे गेल्यावर तो तरातरा परसात आला. बनुबाई नुकतीच माझ्यात बादली सोडत होती, चांगुणा शेजारी उभी होती.

"शेनाच्या हातानं बादली सोडतीस, म्हनून पानी नासलं," तो म्हणाला. "उद्यापासून हितं येऊ नगंस."

बनुबाई थबकली. "आजवर न्हाई नासलं, भाऊ, आन् आताच नासलं व्हय?"

रंगनाथ पाठ फिरवून घरात गेला. बनुबाईने चांगुणाकडे पाहिले. चांगुणा पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. बनुबाईने दोर कठड्यावर ठेवला आणि रिकामी घागर उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती गावाबाहेरच्या हापशावर जाऊ लागली.

वास काही गेला नाही. उलट वाढला. त्यातच घरातली नात, दिशा, आजारी पडली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. तिला पारनेरच्या दवाखान्यात सलाईन लावावे लागले. पोर वाचली, पण घर हादरले. गावातली आशा आरोग्य कार्यकर्ती आरती घरी आली. तिने माझे पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी बाटलीतले पाणी काळे पडले होते.

"काका, यात मैला मिसळतोय," ती म्हणाली. "वरून पावडर टाकून भागायचं नाही. तो येतो कुठून, ते शोधा."

मोटार लावून माझे पाणी उपसले. तळाचा गाळ उघडा पडला. रंगनाथ कमरेला दोर बांधून स्वतः खाली उतरला. बॅटरीचा उजेड माझ्या दगडांवरून फिरत फिरत एका जागी थांबला. नव्या बाथरूमच्या बाजूने काळा, चिकट ओघळ झिरपत होता. रंगनाथने त्याला बोट लावून नाकाजवळ नेले. मग त्याने उजेड पुन्हा त्या ओघळावर धरला.

"अवो, काय दिसलं?" वरून चांगुणाने विचारले.

"आपलंच हाय गं," तो म्हणाला. "आपल्याच खड्ड्याचं."

मग मात्र त्याने हयगय केली नाही. जुना शोषखड्डा उपसून बुजवला, नवा लांब, उताराच्या अंगाला खणला. डाळिंबाची झाडे त्यात गेली. माझा गाळ काढला, दगड घासले, सांधे सिमेंटने भरले. औषध घालून पाणी पुन्हापुन्हा उपसले. आरतीने दोनदा तपासले, तेव्हा कुठे ते पिण्याजोगे ठरले. वास पार गेला.

रंगनाथ बनुबाईच्या दारी गेला, तर कुलूप होते. तिचा मुलगा तिला सुप्याला घेऊन गेला होता. रंगनाथला पुढे जायचा धीर झाला नाही. चांगुणा मात्र माझे पाणी बाटलीत भरून एसटीने गेली.

परत आल्यावर माझ्या कठड्याशी उभी राहून तिने सगळे आरतीला सांगितले.

"चहा केला तिनं. दिशाची चौकशी केली. बाटली हातात घेतली, म्हनली, पानी चांगलं झालं, लई बरं झालं."

"मग रागावल्या नाहीत ना, मावशी?"

चांगुणाने दोर हातात घेतला. "यांच्यावर न्हाई रागावली. मला म्हनली, भाऊ तर बोलून चालून पुरुष मानूस, तापट. पर चांगुणा, तू गप का हुतीस?"

मग तिने बादली माझ्यात सोडली.

मित्रांनो, पाण्याला वास आला, तर वरून काही टाकून तो झाकू नका. आधी आपले परस, आपले गटार, आपला खड्डा बघा. आडाजवळ घाण मुरू देऊ नका. वर्षातून एकदा गाळ काढा, पाणी तपासून घ्या. आणि कुणावर उगाच आळ येत असेल, तर जवळ उभे असणाऱ्यांनी तोंड उघडावे. मी दगडांचा आहे, मला बोलता आले नाही. तुम्हाला येते.